छत्रीच्या काड्यांचे झेंडे

संयुक्त महाराष्ट्रासाठी मी जे अर्पण केलं ते माझं नव्हतंच. ते छत्रीचं काळं कापड होतं, नवऱ्याच्या गाळ्यातलं, पाकळ्या कापून गठ्ठे बांधून ठेवलेलं. त्या पाकळ्यांचे मी झेंडे केले. आणि झेंड्याला काठी हवी म्हणून छत्रीच्या लोखंडी काड्या लावल्या. नातवंडं विचारतात, "आजी, मुंबईत बांबू मिळत नव्हता का गं?" मिळत होता रे बाबांनो. पण त्या वेळच्या तुमच्या आजीला बांबू सुचला असता, तर आज तिला नावं ठेवायला मी कशाला बसले असते?

ती बया तेव्हा नुकती विशी ओलांडलेली. गिरगावातून लालबागला लग्न होऊन आलेली, मॅट्रिकला गणितात गचकलेली आणि बाकी सगळ्या विषयांत आपल्यालाच कळतं असं समजणारी. लग्न तिनं केलं ते, खरं सांगायचं तर, एका माणसाच्या पोटऱ्या बघून. आमचे हे हुतूतूचे गडी. गिरगावात सामना होता, मी भावाबरोबर बघायला गेले होते. हे दम भरून चढाईला गेले आणि तिघांना हात लावून असे परत आले, जणू शेजारच्या घरून विरजण घेऊन आले. घरी येऊन आईला सांगितलं, मला हाच पाहिजे. आई म्हणाली, "अगं भवाने, जात तरी विचारलीस का?" नशीब माझं, जातही आमचीच निघाली.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत यांचा गुडघा गेला. चौघांनी मिळून पकड केली, पाय खाली मुडपला, आणि झालेला आवाज मला बायकांच्या बाकावर ऐकू आला. नोकरी गिरणीत होती, पण ती मिळाली होती खेळासाठी. गुडघ्यामागोमाग तीही गेली. ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं ते रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय भाऊ, बरं हाय ना?" आणि उत्तराला थांबायचे नाहीत.

यांचा एक मामा लालबागच्या नाक्यावर छत्र्या दुरुस्त करायला बसायचा. हे त्याच्याशेजारी पाय लांब करून बसायला लागले. सासूबाई रडायच्या, "एवढो मोठो गडी, आणि मोडक्यो छत्र्यो घेऊन बसता." हे बसले, शिकले, आणि पुढं चिंचपोकळी स्टेशनाजवळ एक गाळा भाड्यानं घेऊन छत्र्या बनवायला लागले. कामाला घेतल्या त्या ज्यांचे नवरे गिरणीत दगावले, नाहीतर आजारी पडून घरी बसले, अशा बाया. गिरगावातल्या एका दुकानाची दर वर्षीची मागणी असायची. ती पुरी झाली की त्याच कमाईतून हे पोरांच्या छत्र्या करायचे. आसपासच्या चाळींतल्या ज्या घरात छत्री नाही, त्या घरच्या पोराला शाळा उघडायच्या आधी छत्री. स्वतः हे पावसाळ्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन शाळेत जायचे, पोरं हसायची, म्हणून चौथीतच शाळा सोडलेली. "फुकट" हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. "छत्री दिली म्हण, फुकट दिली म्हणू नको," असं एकदा माझ्यावर ओरडले होते.

तर गावभर भाऊ, भाऊ, भाऊ. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. भाजीवाली म्हणायची, "भाऊंच्या मंडळी, कोथिंबीर न्या." मला वाटायचं, मी काय यांच्या छत्रीची मूठ आहे?

आणि अशात चळवळ पेटली. मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर. भिंती रंगलेल्या, रोज सभा, रोज मोर्चे, कधी संचारबंदी. दिल्लीहून कुणी बडे पुढारी येणार होते, त्यांना काळे झेंडे दाखवायचे ठरलं. आमच्या चाळीच्या चौकात बायकांची सभा झाली. दादरच्या एक बाई बोलायला आल्या होत्या, पांढरं पातळ, पुणेरी बोलणं, एक शब्द चुकत नव्हता. म्हणाल्या, "भगिनींनो, बाजारात काळं कापड औषधालाही उरलेलं नाही. उद्या दुपारी आपण काय हात हलवत जायचं?"

आणि मी उभी राहिले. कुणी ढकललं नाही, काही नाही. "आमच्याकडं आहे!" असं म्हटलं. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांवर मी गणितही पास झाले असते.

दुसऱ्या दिवशी हे नमुने घेऊन गिरगावच्या दुकानात गेले होते. गाळ्याची किल्ली अशा वेळी ताईंकडं असायची. ताई म्हणजे आमच्याकडं कापड बेतायला आणि शिवायला येणाऱ्या, डिलाईल रोडच्या चाळीतल्या. नवरा गिरणीतच दगावलेला, पदरात एक मुलगी. त्यांच्या चाळीनं नुकतीच दीक्षा घेतली होती, घरात बुद्धाची नवी तसबीर लागली होती. सासूबाई त्यांच्या हातचं पाणी पीत नसत, आणि हे मुद्दाम त्यांच्यासमोर ताईंच्या लोट्यातलं पाणी मागून प्यायचे. तर मी ताईंना म्हटलं, "यांचा डबा आत राहिलाय, किल्ली द्या." त्यांनी दिली आणि जेवायला घरी गेल्या.

गाळ्यात त्या हंगामाच्या सगळ्या पाकळ्या थप्प्या लावून ठेवलेल्या, बाजूला काड्यांचे भारे. प्रत्येक पाकळी म्हणजे तयार तिकोनी झेंडा! मला वाटलं, देवच पावला. काडीच्या टोकाला भोक असतं, पाकळीचं टोक त्यालाच दोऱ्यानं बांधतात, हे मला येत होतं. चाळीतल्या बायका बोलावल्या, गॅलरीत बसून गाठी मारल्या. एक म्हणाली, "अगं, पण भाऊंना विचारलंस का?" मी म्हटलं, "त्यांचं-माझं काय वेगळं आहे?" बघा, केवढं थोर वाक्य.

मोर्चा परळच्या बाजूनं निघाला. बायकांच्या हातात काळ्या पाकळ्या, वाऱ्यावर फडफडताहेत, आणि पुढं मी. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. ढकलाढकली झाली, लाठ्या चालल्या, बायका पळाल्या. पळताना हातातल्या काड्या इकडं तिकडं फिरल्या, आणि एका हवालदाराचा गाल काडीनं फाटला. रक्त मी पाहिलं. मग मीही पळाले.

पळत पळत गाळ्याकडं आले, तर दारात पोलिसांची गाडी. कुलूप लावायला मी घाईत विसरले होते. हे गिरगावाहून नुकतेच परतले असावेत, रिकाम्या फळ्यांकडं बघत उभे होते. ताईही आल्या होत्या. फौजदाराच्या हातात माझ्या झेंड्यांचा भारा.

"हे काय आहे?"

"छत्रीच्या काड्या," हे म्हणाले.

"हत्यारं आहेत ही. आमच्या माणसाचा डोळा वाचलाय थोडक्यात. गाळ्याची किल्ली कुणाकडं होती?"

ताईंचा हात आपोआप कमरेकडं गेला. तिथं किल्ली नव्हती, ती माझ्याकडं होती, चोळीत खोचलेली, आणि एक झेंडा पदराखाली. फौजदार ताईंना म्हणाला, "चल गं, गाडीत बस."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"थांबा," हे मध्ये आले. "गाळा माझा, माल माझा. काड्या मी दिल्या. मला न्या."

आणि गेले. गाडीत चढताना मोडका पाय हातानं उचलून आत ठेवला.

आता हे सांगायला या वयातही कान गरम होतात. ते गाडीत चढत होते तेव्हा माझ्या छातीत भीती होतीच, पण भीतीच्या खाली गुदगुल्या होत होत्या. माझ्यासाठी! माझ्यासाठी नवरा तुरुंगात चालला! त्यांनी सगळं ओळखलं, आणि बायकोला वाचवलं. असा गडी कुणाला मिळतो?

गुदगुल्या दोन दिवसांत संपल्या. सासूबाई दारात बसून डोकं आपटत होत्या, "माझ्या झिलाक नेल्यानी गे! तेचो पाय आधीच मोडको, थंय खाली बसतलो कसो?" आणि मग ताईंचं नाव घेऊन म्हणाल्या, "त्या बायेकडे चावी होती. तिनाच दिल्यान सगळा." चाळीतल्या बायका पोलिसांच्या धाकानं गाठी मारल्याचं नाव काढत नव्हत्या. मी चुलीशी बसले होते. फुंकणी तोंडाशी होती, तीच तोंडाला लावून ठेवली. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. यांना खरं ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, बास.

पण दिवस जात होते आणि हे सुटत नव्हते. गिरगावच्या दुकानदाराचा निरोप आला की माल वेळेवर दिसत नाही, मागणी दुसरीकडं देतो. गाळ्यातल्या बाया रोज सकाळी येऊन रिकाम्या फळ्यांसमोर बसायच्या, दुपारी उठून जायच्या. मग दोघी आल्याच नाहीत. चाळीतली पोरं विचारायला यायची, "काकू, यंदा छत्री कधी?" त्यांना काय सांगू? मी दार लोटून घ्यायला लागले. चाळीत दिवसा दार लोटलेलं म्हणजे घरात मयत नाहीतर भांडण.

शेवटी मी चौकीवर गेले. म्हटलं, खरं सांगून टाकायचं, मला आत घ्या, यांना सोडा. तिथं एक पिकल्या मिशांचा हवालदार बसला होता. मी सगळं सांगितलं, पाकळ्या, काड्या, गाठी. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "बाई, रोज एकजण येते इथं, नवऱ्याचा गुन्हा अंगावर घ्यायला. काल एक येऊन म्हणाली, दगड मीच मारला. दोन महिन्यांची पोटुशी होती. घरी जा, भाकऱ्या थापा."

आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले, तर कुणी घेईना.

मग तुमची शहाणी आजी झेंडे परत मागायला निघाली. हो, झेंडे! पोलिसांनी धरले ते गेले, पण बायकांनी पळताना पदराखाली नेलेले चाळीचाळीत होते. काड्या लोकांनी भीतीनं टाकून दिल्या होत्या, कापड मात्र जपलं होतं. मी लालबाग, परळ, चिंचपोकळी पालथं घातलं. एका पानवाल्यानं गादीमागं लावला होता. म्हणाला, "झेंडा परत मागते? माणूस हाय का कोण?" एकीनं पोराला लंगोट म्हणून बांधलं होतं, ते कापड मी धुवून घेतलं. दादरच्या बाईंकडं गेले, तर त्यांनी बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाल्या, "आपल्या पतिराजांचा त्याग समाज विसरणार नाही." मी म्हटलं, "बाई, त्याग राहू दे, पाकळ्या आहेत का तुमच्याकडं?" त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलंय. नारळ देऊन परत पाठवलं.

आणि परळच्या एका खोलीत मी गेले, तिथं भिंतीशी एका तरुण मुलाचा फोटो होता, हार घातलेला. तो आधीच्या गोळीबारात गेला होता. त्याची आई माझ्याबरोबर मोर्चात होती, हे मला आठवत नव्हतं. फोटोखाली माझी पाकळी, चौघडी करून ठेवलेली. तिनं विचारलं, "बस गं, काय काम काढलंस?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी प्यायला आले." पाणी प्याले आणि पाकळी तिथंच ठेवून जिना उतरले.

जे मिळालं ते गाळ्यात आणून टाकलं. भोकं पडलेली, डिंकाचे डाग, एकावर "मुंबई आमची" चुन्यानं लिहिलेलं. ताई सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. फाटकं बाजूला, धड बाजूला, असं करायला लागल्या. काड्यांसाठी मी घरोघर जाऊन मोडक्या छत्र्या मागितल्या. चार मोडक्यांतून एक उभी राहायची. मोठ्या छत्र्या होणं शक्यच नव्हतं. पोरांच्या तेवढ्या.

मधे एकदा यांना भेटायला मिळालं. गजाआड उभे होते, सगळा भार चांगल्या पायावर, दुसऱ्या पायाचा गुडघा लेंग्यातूनही फुगलेला दिसत होता. बाजूला शिपाई उभा. मला वाटत होतं, आता म्हणावं, "माझ्यासाठी केलंत ना?" पण शिपायासमोर कसं म्हणणार? तेच म्हणाले, "पोरांच्या छत्र्या?" मी म्हटलं, "होतायत थोड्या." म्हणाले, "ताईंना सांग, घाबरून काम सोडू नका म्हणावं." मला वाटलं, बघा, तुरुंगातसुद्धा धंद्याची काळजी. इतकी मी मूर्ख.

ताईंना मी तो निरोप दिला. त्यांनी दात लावून दोरा तोडला.

जूनच्या तोंडावर हे सुटले. चाळीनं ढोल आणला, गुलाल आणला. पुन्हा खांद्यावर घेतलं. ज्या पोरांनी उचललं त्यांना काय ठाऊक, मोडका पाय कुठून धरायचा! तो गुडघा कुणाच्या तरी खांद्यावर मुडपून दाबला गेला, आणि हे वर हसताहेत, आणि ओठातून रक्त येतंय. मी खालून ओरडत होते, "खाली ठेवा, खाली ठेवा!" ढोलात कुणाला ऐकू जातंय? डॉक्टर नंतर म्हणाले, आता हा पाय वाकायचा नाही. वाकला नाहीच, शेवटपर्यंत. जेवायला पाटावर बसणं संपलं ते संपलंच. गिरगावची मागणीही पुन्हा आली नाही.

शाळा उघडायला दोन-तीन दिवस राहिले होते. गाळ्यात ताई आणि मी दोघीच. ठिगळांच्या छत्र्या भिंतीशी उभ्या होत्या, कुणाचा दांडा लांब, कुणाचा आखूड, एकीवर "आमची" एवढंच उरलेलं. सगळ्या पोरांना पुरणार नव्हत्या. हातातली धरून तीन अजून करता आल्या असत्या, बाकीच्यांना गोणपाट. मी पोरांची नावं मनात घेत होते, कुणाला नाही म्हणायचं ते ठरवत. मी ताईंना म्हटलं, "ताई, यांनी माझ्यासाठी एवढं सोसलं, आणि मी यांच्या पोरांना छत्र्यासुद्धा देऊ शकत नाही."

ताईंनी शिवणं थांबवलं. बाहेर यांची काठी वाजत होती. तो नवा आवाज आम्हां दोघींनाही ओळखू यायला लागला होता. ताई हळूच म्हणाल्या:

"वहिनी, भाऊ सुटून आले त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, पुढच्या टायमाला मला इचारून देत जावा. किल्ली माझ्याकडं होती, म्हणून त्यांना वाटतंय, पाकळ्या मीच दिल्या. ते माझ्यासाठी आत गेले, तुमच्यासाठी नाही गेले. मी तुमचं नाव घेतलं नाही, हो म्हणून मान हलवली. आता ते दारात आलेत. मी ही पाकळी शिवते खाली मान घालून, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."